दाखल्यावरचं नवं नाव

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. परभणीच्या एका कॉलेजात ऑफिसला लागलो, तेव्हा तिथला संगणक चालवणारा माणूसही मी एकटाच. बोनाफाईड, चारित्र्याचा दाखला, टी.सी. सगळं मी फॉक्सबेस नावाच्या प्रोग्रॅममध्ये बसवलं होतं. प्रत्येक कागदाची फाइल वेगळी, आणि प्रत्येकीत विद्यापीठाचं तेच नाव पुन्हा टाइप केलेलं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. प्राचार्य म्हणाले, नव्या नावाशिवाय कागद बाहेर जाणार नाही. मी ठरवलं, दर फाइल उघडून नाव बदलत बसायचं नाही. नाव, पत्ता, चालू वर्ष एका वेगळ्या फाइलीत ठेवायचं, आणि दाखला काढताना त्याच्या फाइलीनं आधी तिला बोलवायचं. पुढं काही बदललं तर एकाच जागी हात लावायचा.

बोनाफाईडपासून सुरुवात केली. तेवढ्यात राणीसावरगावची एक मुलगी वडिलांबरोबर तोच दाखला न्यायला आली. मी फाइल चालवली. पडद्यावर इंग्रजीत आलं, व्हेरिएबल, म्हणजे जिच्यात नाव ठेवलं होतं ती जागा, सापडत नाही.

आमचे हेडक्लार्क, सगळे त्यांना मोठे बाबू म्हणत, ते उठून आले.

"काय म्हनायलंय तुमचं मशीन?"

"नाव सापडत नाही म्हणतंय."

"इतकी वर्षं सापडंना, आन् आज लगेच सापडंल व्हय?" ते हसले. "जुनाच कागद काढा. पेनानं नाव खोडा, वर नवं लिवा. सही मी घेतो. पोरीची गाडी जायलीय."

त्यांचं चूक नव्हतं. पण त्या नावापायी आमच्याकडची घरं जळाली होती, तेव्हा मी शाळेत होतो. आता ते कागदावर येणार आणि खाडाखोडीत येणार, हे मला चालणार नव्हतं.

"थोडं थांबा," मी म्हणालो.

नावाची फाइल एकटी चालवली की नाव दिसायचं. दाखल्यातून बोलावली की गायब. मग ध्यानात आलं. बोलावलेली फाइल काम उरकून परत गेली की तिनं ठेवलेलं सगळं पुसलं जातं. ते बाकीच्या फाइलींनाही लागणार असेल, तर आधी तसं जाहीर करावं लागतं, पब्लिक म्हणून. तो एक शब्द नावाच्या फाइलीत वर टाकला आणि दाखला पुन्हा चालवला.

प्रिंटर करकरत सुरू झाला. नाव आलं. अख्खं, सरळ, कुठं खोडलेलं नाही.

बाबूंनी कागद हातात घेतला, ओठ हलवत वाचला, प्राचार्यांची सही आणली आणि शिक्का मारला. "चल बाई, गाडी घावती अजून," म्हणत वडील मुलीला घेऊन निघाले.

मग मी बाकीच्या फाइली त्या एका फाइलीला जोडल्या. टी.सी. निघाली, चारित्र्याचा दाखला निघाला. सगळ्यांवर तेच नाव. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

"झालं न्हवं?" बाबू म्हणाले. "मग बसा की आता. लय येळ झाला, उभेच हाव तुमी."

मी बसलो.