बटन बंद केलं तरी पंखा चालूच होता

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. पांढरकवड्याला बारा वर्षं ट्रकची इंजिनं खोलली. आवाज आला की त्याला कारण असतं, एवढंच मला ठाऊक. म्हणून कोणाला घाबरवायला हे लिहीत नाही... मलाच काही कळून नाही राह्यलं.

माझे साडू विलासभाऊ यांनी उमरखेडकडच्या एका धरणावर सहा सीटांची मोटरबोट टाकली आणि चालवायला मला बोलावलं. पेट्रोल इंजिन मागच्या सीटखाली, झाकणाच्या आत. पेट्रोलची वाफ जड, उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचते. एक ठिणगी पडली की खेळ खलास. म्हणून इंजिनाजवळ ती वाफ बाहेर फेकणारा छोटा पंखा असतो. आधी चार मिनिटं पंखा, मग झाकण उघडून वास घ्यायचा, मगच चावी.

डिसेंबरातला रविवार, सकाळचे अकरा. बोट तीन आठवडे उभी होती. पुसदच्या एक बाई, त्यांची म्हातारी आई आणि मांडीवरची लेक बसल्या. मी पंख्याचं बटन दाबलं. घूंऽऽ सुरू झालं. पंख्याची हवा बाहेर पडते त्या जाळीवर तळहात धरला, तर हवा लागली. मोबाईलमध्ये चार मिनिटं पाहिली आणि बटन बंद केलं.

पंखा बंद होईना.

खरं सांगतो, झाकण उघडून वास घ्यायचा माझा विचार नव्हता. नाक सर्दीनं बंद, आणि पंखा तर चालला होता! पण हे काय? बॅटरीचा मेन स्विच बंद केला. तरी घूं चालूच.

"बापू, ते बंद कर न," आजी म्हणाल्या, "पोरगी उठून जाईन."

"बंदच केलं, आजी."

काहून ते माहीत नाही, पण मी तिघींना काठावर उतरवलं. विलासभाऊ ओरडत आले, "काय करून राह्यला तू? लोकायले काहून उतरवलं?"

"भाऊ, पंखा बंद नाही होऊन राह्यला. ऐका न!"

त्यांनी कान दिला. माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "कोणता आवाज? मले तर काहीच ऐकू नाही येत."

मागून बाई म्हणाल्या, "येतो ना दादा, मोठ्यानं येतो."

मी झाकण उचललं. त्या क्षणी आवाज थांबला. बंद नाकातही वास घुसला. पाईपला चीर, इंजिनाखाली बोटभर पेट्रोल! चावी फिरवली असती तर...

नंतर इंजिनाचा खण कोरडा करून पंखा बाहेर काढला. वायर केव्हाची तुटलेली, टोकावर हिरवा गंज. पात्यांमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, वाळून दगड झालेलं. पातं बोटानं तसूभर हलेना. हा पंखा त्या दिवशी फिरणं शक्यच नव्हतं. मग माझ्या तळहाताला लागली ती हवा कोणती?

विलासभाऊ म्हणतात, तुले भास झाला. मला झाला, मानलं. पण त्या दोघींना?

घरी बायको म्हणते, कोणीतरी वाचवलं तुम्हाले. मीही तसंच म्हणत होतो. पण एक गोष्ट सुटत नाही. आवाज आलाच नसता, तर पंखा बिघडलाय हे मला लगेच कळलं असतं. त्या आवाजाच्या भरवशावरच तर मी झाकण न उघडता चावी फिरवणार होतो. मग तो आम्हाला वाचवायला आला होता, की न्यायला... आणि बटन बंद केल्यावर ऐन वेळी त्यालाच थांबता आलं नाही?