शेंडीचा नारळ

आमच्या घरात फासा नव्हता. सापशिडी होती, पण तिच्याबरोबर आलेला फासा बाबांनी पहिल्याच दिवशी गटारात टाकला आणि एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या करून वाटीत घातल्या. आम्ही भावंडं वाटीत हात घालून चिठ्ठी काढायचो आणि घरं मोजायचो. शेजारची पोरं खदखदा हसायची. पत्ते तर उंबऱ्याच्या आतच यायचे नाहीत. माझ्या लग्नात कार्यालयाच्या गच्चीवर पाहुण्यांनी रमीचा डाव मांडला, तर बाबा वरात सोडून वर गेले आणि त्यांच्याखालची सतरंजी ओढून घेऊन आले. कारण सगळ्या कऱ्हाडला ठाऊक होतं. माझ्या आजोबांनी मटक्याच्या आकड्यापायी भांड्यांचं चालतं दुकान घालवलं होतं, आणि बाबा शाळा सोडून दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधायला लागले होते.

अशा माणसाच्या मुलाला पन्नाशी उलटल्यावर कसिनोत नोकरी लागली. घ्या!

मी हॉटेलातला खरेदीवाला. दुबईला देऱ्यात एका खोलीत सहाजण राहायचो तेव्हापासून हेच करत आलो. टोमॅटो, टॉवेल, साबणाच्या वड्या. हॉटेलात पाहुण्याच्या हाताला जे जे लागतं ते कुठून, कसं आणि कितीला आणायचं, हे माझं काम. गेल्या वर्षी आमच्या हॉटेलचे मालक बदलले आणि आमचं अख्खं डिपार्टमेंट खलास. मुलगी दहावीत, व्हिसा नोकरीवर टांगलेला, आणि माझ्या वयाच्या माणसाला कोण विचारतो? विचारलं ते रास अल खैमाहून. समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर कसिनो उभा राहतोय, त्यांना खरेदीवाला हवा होता. काय खरेदी करायचं? पत्ते, फासे, टेबलांवरचं हिरवं कापड. इंटरव्ह्यूत मला हसू आवरेना. समोरच्यांना वाटलं, माणूस मोठा दिलखुलास आहे. घरी येईपर्यंत हसू जिरलं होतं.

बाबांना फोनवर सांगितलं, "समुद्रकाठचं मोठं हॉटेल आहे." खोटं नव्हतं. नरो वा कुंजरो वा.

मी रुजू व्हायच्या आधीच, थंडीत, बाबा आमच्याकडे अजमानला आले. आई गेल्यापासून दरवर्षी येतात. मनाशी ठरवलं होतं, समोरासमोर सांगायचं. पण आज सांगू, उद्या सांगू करता करता त्यांचे परतीचे दिवस जवळ आले. बायको रोज रात्री पाठ वळवून म्हणायची, "अहो, सांगून टाका. काय खाणार आहेत का तुम्हाला?" शेवटी मला एक कल्पना सुचली. झोपायच्या सोयीची ती मोठी गाडी असते ना, आत पलंग, शेगडी, न्हाणी सगळं असतं, तशी एक रात्रीपुरती भाड्याने घ्यायची. बाबांना समुद्रकाठी न्यायचं, ती इमारत दाखवायची आणि शांतपणे सांगायचं. बायको म्हणाली, "बापाशी खरं बोलायला गाडी भाड्याने घेणारा माणूस पहिल्यांदाच पाहतेय."

निघायच्या आदल्या दिवशी मी मुलीला बाजूला घेतलं. तिला सगळं माहीत होतं. म्हटलं, "आजोबांसमोर कसिनो हा शब्द काढायचा नाही. मी सांगेपर्यंत नाही." तिने खांदे उडवले. "ओके. बट व्हाय आर यू सो स्केअर्ड?" मी तिच्यावर खेकसलो. तिचा आणि आजोबांचा वेगळाच लळा. यंदा विमानतळावरच तिने त्यांना सांगितलं होतं, "आजोबा, युअर टोपी स्मेल्स ऑफ डांबरगोळी." बाबा इतके खूश झाले! येईल त्याला सांगत सुटले, "आमची नात एकदम खरं बोलणारी. तोंडदेखलं काही नाही."

गाडी बाबांना फारच आवडली. "फिरतं बिऱ्हाड" म्हणाले. उम्म अल कुवैनला चहाला थांबलो, तर टपरीवाल्या मलबारी पोराला हाताला धरून आत आणलं आणि शेगडी दाखवली, न्हाणी दाखवली. वर हिंदीत सांगितलं, "मेरे लडके को बडे होटल में नोकरी लगी है." तो म्हणाला, "माशाल्ला, बाबाजी." मी म्हटलं, "यल्ला, चला, उशीर होतोय." कसला उशीर! रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

संध्याकाळी बेटासमोरच्या किनाऱ्यावर गाडी लावली. समोर ती इमारत, अंगाखांद्यावर क्रेन घेऊन उभी. दिवे लागले तशी ती पाण्यातही दिसायला लागली. बाबा खुर्ची टाकून बसले आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"केवढं रे हे!" म्हणाले. "एवढ्या हॉटेलला रोज टोमॅटो किती लागत असतील?"

आता सांगायचं, असं मी ठरवलं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "लागतील बरेच."

बायकोने स्टीलच्या ताटल्या जरा जोरातच आपटल्या. मुलगी मोबाईलमधून डोकं वर न काढता माझ्याकडे बघत होती, तशी नजर पोरींना कशी जमते देव जाणे. त्या रात्री माझ्या हातून सांगणं झालं नाही. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी माणसाचं डोकं थंड असतं.

सकाळी जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. बाबांनी पहाटे उठून टाकीतल्या सगळ्या पाण्याने अंघोळ केली होती. पांढरं धोतर, इस्त्रीचा शर्ट, टोपी, कपाळाला गंध. एका हातात हळदीकुंकवाची डबी आणि उदबत्ती, दुसऱ्या हातात शेंडीचा नारळ.

तो नारळ मी अजमानला पाहिला होता. इथे दुकानात मिळतात ते नारळ तासलेले, गुळगुळीत. पूजेला शेंडी लागते. शेंडीच्या नारळासाठी बाबा माझ्या बायकोला घेऊन बर दुबईच्या देवळाच्या गल्लीपर्यंत गेले होते आणि आल्यावर म्हणाले होते, "सात दिरहाम! म्हणजे पावणेदोनशे रुपये झाले की एका नारळाचे! पण शेंडी बघ कशी आहे." मला वाटलं, घरच्या देवाला असेल.

"चल," म्हणाले. "तुझ्या कामाच्या जागेला नारळ फोडू."

हे मी विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. पुण्याच्या हॉटेलात पहिल्यांदा लागलो तेव्हा बाबा कऱ्हाडहून आले होते आणि मागच्या दाराशी, जिथे भाजीचे टेम्पो लागतात तिथे, त्यांनी नारळ फोडला होता. देऱ्याला रुजू झालो तेव्हा येणं शक्य नव्हतं. मग फोनवर विचारलं, "तुझं हॉटेल आपल्या अंगणातून कुठल्या दिशेला येतं? पश्चिम की वायव्य?" मी म्हटलं, वायव्य धरा. त्यांनी वायव्येला तोंड करून अंगणात फोडला. पुढे नोकऱ्या बदलल्या, दर वेळी फोन, दर वेळी दिशा तीच. तरी विचारायचेच. यंदा ते स्वतः इथे होते. मग नारळाशिवाय कसे परत जातील?

"बाबा, इथे नाही चालत असलं काही," मी म्हटलं.

"फोडणार नाही गेटात. बाजूच्या दगडावर फोडू. पोलीस आला तर प्रसाद देऊ." आणि चालू लागले. मागे मी, माझ्या मागे बायको आणि मुलगी.

गेटापाशी कामगारांच्या बसेस लागत होत्या. निळे कपडे, पिवळ्या टोप्या. वॉचमनने हात वर केला, "बाबूजी, अंदर नहीं." बाबा म्हणाले, "अंदर नहीं, बाहर." कडेच्या दगडाजवळ बसले, दगडाला हळदीकुंकू लावलं, नारळाला लावलं. धोतर-टोपी आणि नारळ बघून बसकडे निघालेला एकजण थांबला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, चेहरा फुललेला.

"खंयचे तुमी?"

"कऱ्हाडचे. आपण?"

"मी देवगडचो. नारळ फोडतास? फोडा, फोडा! आमी इतके म्हयने हयसर राबतंव, पन नारळाचा कोणाक सुचूक नाय. एवढो मोठो जुगाराचो राजवाडो, आनि देवाक गाऱ्हाणा नाय म्हणजे काय! सांगा तर मी घालतंय गाऱ्हाणा."

बाबांचा हात हवेतच राहिला. "कसला राजवाडा म्हणालात?"

"जुगाराचो, काका. कसिनो. आत पत्ते, फासे..."

"चेष्टा करतायत ते," मी मधेच म्हणालो. इतक्या जोरात, की वॉचमननेही वळून बघितलं. "तसलं काही नाही बाबा. हॉटेल आहे. ह्यांना काय माहीत? हे विटा वाहतात."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "बरां," एवढंच म्हणाला आणि बसमध्ये जाऊन चढला. आपल्या भाषेतला नारळ दिसला म्हणून हौसेने गाऱ्हाणं घालायला आला होता बिचारा. त्याला मी खोटा पाडला, आणि वर विटांवरून हिणवलं. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

बाबा उठले. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. ते नातीकडे वळले.

"तू सांग गं राणी. काय आहे हे?"

माझ्याकडे बघितलं तिने. मी तेव्हा नुसती मान हलवून "सांग" म्हणू शकलो असतो. नाही हलवली. डोळ्यांनी तिला दटावलं.

"इट्स जस्ट अ होटेल, आजोबा," ती म्हणाली. पायातल्या चपलांकडे बघत होती. मग कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "खरंच."

बाबांनी तिच्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलं. मग त्यांनी नारळाची शेंडी मुठीत धरली आणि उपटली. सहज निघत नाही ती. दोनतीन हिसडे द्यावे लागले. राहिलेले काथे नखांनी सोलले, बोटाने कुंकू पुसलं आणि नारळ बायकोच्या हातात दिला.

"घे. चटणीला होईल."

शेंडी त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून घेतली. रस्त्यावर टाकली नाही.

परतताना मी गाडी चालवत होतो आणि बाबा शेजारी. मुलगी मागे कानात इअरफोन घालून झोपल्याचं सोंग करत होती. आरशात तिचे डोळे उघडे दिसत होते. उम्म अल कुवैनची ती चहाची टपरी आली. थांबू का, विचारलं. नको म्हणाले. टपरी मागे गेल्यावर बोलायला लागले, समोर रस्त्याकडे बघतच.

"पोटासाठी माणसाला काय काय करावं लागतं, ते मला शिकवू नकोस. मी पुड्या बांधल्यात. तू सांगितलं असतंस तर मी चिडलो असतो. दोन दिवस जेवलो नसतो. मग जेवलो असतो." टोपी काढून मांडीवर घेतली. "पण पोरीला कशाला लावलंस रे खोटं बोलायला?"

लहानपणी चोरून पत्ते खेळताना सापडलो असतो आणि त्यांनी फोडून काढलं असतं, तर परवडलं असतं. पन्नाशीच्या बाप्याला स्वतःच्या लेकीसमोर अशी लाज वाटते तेव्हा तोंड कुठे लपवायचं? स्टिअरिंग सोडून कुठे जाताही येत नाही. मागून नाक ओढल्याचा आवाज आला. बायकोने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला असावा, कारण तो आवाज दबला. आम्ही तसेच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्या नारळाची चटणी केली, हिरवी मिरची आणि लसूण घालून. आंबोळ्यांबरोबर बाबांनी चवीने खाल्ली, पुन्हा मागून घेतली, सुनेचं कौतुक केलं. मी माझ्या ताटातली संपवली. दोन दिवस ते जेवायचे थांबले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. नातीशी मात्र पूर्वीसारखेच बोलायचे. तीच त्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही. आठवडाभराने ते कऱ्हाडला गेले.

मी रुजू झालो. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर नमुने आले, लाल पारदर्शक फासे, एका छोट्या खोक्यात. दिसायला गोड असतात हो, खडीसाखरेसारखे. मी ते खोकं ड्रॉवरमध्ये ढकललं आणि दुपारपर्यंत उघडलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर बाबांचा फोन. जेवलास का, म्हणाले. गुडघ्याचं कसं आहे, म्हणाले. तिकडे थंडी कमी झाली का, म्हणाले. मी सगळ्याची उत्तरं दिली आणि वाट बघत राहिलो. वायव्य, हा शब्द जिभेवर तयार होता.

त्यांनी विचारलं नाही.

"पोरीला दे जरा," म्हणाले. तिने फोन घेतला, आत गेली आणि दार लावून घेतलं.