साडूंचं संथ गाणं

माझ्या साडूंइतका सदा चिडलेला माणूस अख्ख्या कुवेतमध्ये सापडणार नाही. इथला उन्हाळासुद्धा नोव्हेंबरात जरा नमतं घेतो, साडू बारा महिने तापलेले. चहा निवला तर चहावर चिडतात, गरम असला तर करणाऱ्यावर. सिग्नलला मागच्याने हॉर्न वाजवला की गाडीतून उतरून विचारतात, "मला रंग कळत नाहीत असं वाटतं का तुला?" हे शुद्ध मराठीत, आणि समोर इजिप्शियन! त्यांना शांत करणारी गोष्ट एकच, अमेरिकन कंट्री गाणी. कंपनीतला एक टेक्सासचा इंजिनियर परत जाताना त्यांना स्वतःची गिटार देऊन गेला, आणि हे वेडही. "हे लोक आपलेच हो," साडू सांगत. "गाडी आणि दुःख. तिसरा विषयच नाही!"

मग त्यांची बायको, माझी मेव्हणी, वारली. ती सबाह अल-सालेमच्या एका क्लिनिकमध्ये नर्स होती. ड्यूटी सुटली की साडू पिकअप घेऊन दारात हजर, आणि फिंतासच्या घरापर्यंत तिचं एकच पालुपद, हळू चालवा. ती गेल्यावर साडू कितीतरी दिवस कुणावरच चिडले नाहीत, तेव्हा आम्ही खरे घाबरलो. एका दुपारी त्यांनी गिटार घेतली आणि स्वतः रचलेलं गाणं आम्हाला ऐकवलं. चाल टेक्सासची, शब्द आपले:

"हळू चालवा, म्हणायचीस, घर कुठे पळतंय?
आता हळूच चालवतो गं, घरी कोण वाट बघतंय?"

माझ्या बायकोने ते मोबाईलवर घेतलं आणि बहिणीच्या मैत्रिणींना पाठवलं. तिथून ते कुठे कुठे गेलं कोण जाणे. अब्बासियातल्या कुणा कलाकाराने खाली ढोलकी घातली, वेग दुप्पट केला, आणि गाणं तुफान चाललं. हळदीत वाजलं, बारशात वाजलं. नवरदेव त्यावर नाचत मांडवात आले. साडूंचा राग दुप्पट जोमाने परतला. "अहो, मी हळू म्हणतोय आणि हे नाचतायत! माझी बायको गेलीय, यांची वरात निघालीय!"

मराठी मंडळींनी शुक्रवारच्या कार्यक्रमात त्यांना गायला बोलावलं. ते गेले ते निव्वळ भांडायला. गाणं सुरू होताच हॉलभर ढोलकीच्या ठेक्यात टाळ्या. साडूंनी गिटारवर थाप मारली. "बंद करा! हे माझ्या बायकोचं गाणं आहे." टाळ्या थांबल्या. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पण दुसऱ्या ओळीवर आवाजच फुटेना. तेव्हा मागच्या रांगेत मेव्हणीच्या क्लिनिकमधल्या नर्सेस बसल्या होत्या, त्यांनी ती ओळ उचलली. संथ, अगदी साडूंच्या चालीत. ते मान खाली घालून नुसती साथ देत राहिले. टाळी कुणीच वाजवली नाही.

परतताना पिकअपमध्ये मी त्यांच्या शेजारी होतो.

"एकीलाही सूर नव्हता," ते रागाने म्हणाले.

फहाहीलचा फाटा मागे पडला तसं त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हिला तरी कुठे होता," ते म्हणाले.