बाबांचा रेडिओ, लुसियानाचं स्टेशन

"आमची जरा कमी बोलते हो. पण लक्ष असतं सगळीकडे," मी पहिल्यांदा दोह्याला निघाले तेव्हा विमानतळावर बाबा शेजारी बसलेल्या काकूंना सांगत होते. काकूही तिकडेच निघाल्या होत्या आणि बाबांना मला कुणाच्या तरी ओळखीत सोडायचं होतं. मी पासपोर्ट चाळत ऐकलंच नाही असं दाखवलं.

आमच्या घरात बोलायचं काम बाबांचं. साताऱ्याला रेडिओ लागला की गाण्यासोबत त्यांचंही सुरू व्हायचं: ही चाल कुठून आली, इथे बासरी कशाला घुसवली. मी इंग्लिश मीडियमची, निम्मे शब्द डोक्यावरून जायचे. मी नुसतं 'हं' म्हणायचे. त्यांना तेवढं पुरायचं.

यंदा त्यांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. सगळं कळतं, शब्द येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी. मी रजा काढून साताऱ्याला गेले होते; ती संपली, मी दोह्याला परत आले. आता दर शुक्रवारी आई त्यांच्या कानाशी फोन धरते. "कसे आहात बाबा?" एवढं विचारून मी थांबते. पुढे काय बोलायचं ते सुचत नाही.

इथल्या मदिनत खलीफा भागातली माझी फ्लॅटमेट लुसियाना फिजिओथेरपिस्ट आहे, साओ पावलोची. शुक्रवारी आमच्या दुपारी तिच्या शहरात सकाळ असते, तेव्हा ती फोनवर तिथलं एक स्टेशन लावते. ब्राझीलच्या ईशान्येतून पोट भरायला त्या शहरात आलेल्यांचं स्टेशन. अकॉर्डियनवरची नाचरी गाणी, आणि मधे निवेदक गावांची नावं घेऊन नमस्कार कळवतो. नंतर हवामान, ट्रॅफिक, मग पुन्हा हवामान.

"एवढं काय बोलतो हा?" मी एकदा विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "माझी आई स्वयंपाकघरात हेच ऐकत असते. तिला सोबत हवी असते, बातमी नको." मग हसली, "पण तू लावतेस ती तुमची गाणी इतकी रडकी का गं?"

तुम्हीही रडताच की, फक्त ठेक्यावर, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

गेल्या शुक्रवारी मी आईला बाबांच्या उशाशी रेडिओ लावायला सांगितला आणि इकडे अॅपवर तेच स्टेशन लावलं. वाटलं, एकत्र ऐकू, म्हणजे बोलावं लागणार नाही. पण अॅप मागे पडत होतं. तिकडे कडवं संपायचं तेव्हा इकडे सुरू व्हायचं. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले, बाबा त्रासून कण्हले. मी अॅप बंद केलं आणि फोनमधून त्यांचाच रेडिओ ऐकत बसले. भावगीत, मधेच कुकरची शिट्टी, बाबांचा जड श्वास. साताऱ्याचं घर मला आता एवढंच मिळतं.

गाणं संपलं.

"फोन कट झाला वाटतं हो," आई म्हणाली. "ठेवते."

बाबांनी घशातून आवाज काढला. नको म्हणत होते.

"ठेवू नकोस आई, आहे मी," मी म्हणाले. "बाबा, आज इथे इतकी धूळ आहे, समोरची मशीदसुद्धा दिसत नाही. खिडकीत कपडे वाळत घातले होते, सगळे पिवळे झाले. आता परत धुवायचे. लुसियाना ओरडतेय…"