यजमानांचं नाव, लहान अक्षरांत

बेंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट 'अद्ययावत' झाली आणि मंडळातल्या निम्म्या बायका दाराबाहेर अडकल्या. चिटणीस माझ्यासारखेच पुण्याहून आलेले संगणकवाले, म्हणजे शहाणपणाला तोटा नाही. पासवर्ड कुणी विसरू नये म्हणून त्यांनी प्रत्येक सभासद बाईला तिच्या यजमानांचं नावच पासवर्ड करून दिलं, इंग्रजी लहान अक्षरांत.

माझ्या घरमालकीणबाई मल्लेश्वरमच्या जुन्या रहिवासी. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांचे यजमान, म्हणजे काका, मी राहायला येण्याआधीच वारलेले, मला फोटोपुरते ठाऊक. त्यांच्यामागे अक्कांनी गाणं सोडलं होतं. यंदा मंडळाच्या गणपतीत पुन्हा गायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि नावनोंदणी फक्त वेबसाइटवर, त्याच संध्याकाळपर्यंत. मी त्यांना सायबर कॅफेत नेलं.

"अक्का, काकांचं नाव सांगा."

अक्कांनी पदर सारखा केला. "अय्यो, असं कसं नाव घेऊ?"

"मग तुम्हीच टाइप करा."

"इंग्रजी कुठं येतंय मला?"

चिटणिसांचा फोन लागेना. निम्मं मंडळ तेच विचारत असणार. कॅफेवाला घड्याळाकडे बोट दाखवू लागला. माझं डोकं तापलं.

"स्वल्प थांब," म्हणून अक्कांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला:

"काचेच्या पेटीत उजळली कोरी चौकोनी पाटी,
...रावांचं नाव घेते मंडळात गाण्यासाठी."

गाळलेली जागा मुद्दाम आहे. पासवर्ड कुणी छापत नाही.

मी टाइप केलं. पासवर्ड चुकीचा.

"अक्का, 'राव' काढावं लागेल."

"नुसतं नाव? ते काय यंत्राचे घरगडी आहेत?" अक्का अशा चिडल्या, जणू मीच काकांना अरे-तुरे केलं होतं.

"यंत्राला मान कळत नाही हो." मनातल्या मनात काकांची माफी मागून मी 'राव' उडवलं. पान उघडलं. अक्कांचं नाव गाणाऱ्यांत नोंदवलं आणि मी उठलो.

अक्का मात्र बसूनच राहिल्या. "ते गेल्यापासून 'नाव घ्या' असं कुणी म्हटलंच नव्हतं रे मला."

कॅफेवाल्याचं घड्याळ गेलं खड्ड्यात. मी पुन्हा खुर्चीत बसलो, लॉगआउट केलं आणि म्हणालो, "अक्का, नाव घ्या."