अळीचं माहेर

बाईंशी मी खोटं बोललो, आणि त्या खोट्याला पुढे पंख फुटले.

बाईंनी मला अकोल्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या तेल्हाऱ्याजवळ वडिलांचं वावर करायला आल्या. ते माझ्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून होतं. वर्गात शुद्ध बोलणाऱ्या बाई वावरात पाय ठेवला की वऱ्हाडी होत. तिन्हीसांजेला धुऱ्यावर बसून पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची, बोंडअळीची करडी पाखरं बघत राहायच्या. “लग्नं लागून राहिली त्यायची,” असं हळूच म्हणायच्या, जणू आपणही वऱ्हाडात आहोत.

तेव्हा बीटी कपाशीच्या पाकिटासोबत साध्या सरकीची लहान पुडी यायची. ती वावराच्या कडेनं पेरायची, अळीनं खावी म्हणून. अळीसाठी जमीन कोण सोडणार? लोक पुडी फेकून देत. बाई त्या कडेच्या ओळींना ‘अळीचं माहेर’ म्हणत. बीटी खाऊन बहुतेक अळ्या मरतात, एखादीच ते विष पचवते. पचवणाऱ्यांचीच आपसात लग्नं लागली, तर पुढे सगळी पिलावळ पचवणारी. माहेरची, विष न खाता वाढलेली नाजूक पाखरं त्यांच्यात मिसळली, तर पोरं नाजूक निघतात आणि बीटीनं मरतात.

“आपण बी निवडतो ना, तसं आपलं वावर अळ्या निवडते,” त्या म्हणायच्या. “चिवट तेवढ्याच नको ठेवू, लेका.”

एका वावरानं भागणार नव्हतं. बाई धुऱ्याधुऱ्यानं फिरल्या. मी त्यांचा विद्यार्थी. मी पेरलं तर बाकीचे पेरतील, एवढीच त्यांची आशा. मी हो म्हणालो आणि दरसाल पुडी उकिरड्यावर टाकत गेलो. ते पाहून बाकीच्यांनीही टाकली. बाईंनी विचारलं की म्हणायचो, “पेरली, बाई.”

काही वर्षांनी बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. माझ्या वावरात, आणि त्यांच्याही. पाखरांना धुरा कळत नाही. किडकी बोंडं ओंजळीत घेऊन बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वावर ठोक्यानं, वर्षाच्या भाड्यानं, देऊन अमरावतीला लेकीकडे गेल्या.

मागच्या हिवाळ्यात भेटायला गेलो. गच्चीवर कुंडीमध्ये पऱ्हाटीचं एक झाड होतं, फिकट पिवळं फूल आलेलं.

“तुह्या उकिरड्यावरची सरकी हाये,” बाई म्हणाल्या. “थे उगवली होती तिथं. मीच तवा तिचं बी वेचून आणलं.”

म्हणजे त्यांना तेव्हापासूनच माहीत होतं. “मंग बोलल्या काहून नाही, बाई?”

“वाटलं, तू सांगशील.”

फुलात एक मुंगी फिरत होती. ती बाहेर येईपर्यंत आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

“पेरली नव्हती, बाई,” मी म्हणालो. “एकदाबी नाही. माफ करा मले.”