अकरा वाजताची तिन्हीसांज

सकाळी अकरा वाजता माझ्याकडे संध्याकाळ व्हायची. बाहेर नागपूरच्या उन्हाने डांबर मऊ पडलेलं असायचं, लोक दुपट्टे गुंडाळून सीताबर्डीच्या बाजाराकडे पळत असायचे, आणि मी एका बिनखिडकीच्या खोलीत भिंतीवरचा गोल खटका हळूहळू फिरवत उभी असायची. दिवे आधी पिवळे व्हायचे, मग तांबूस, मग राखाडी. एकदम अंधार करायचा नाही, कारण खरी संध्याकाळही एकदम येत नाही. मग जाळीच्या पिंजऱ्यांतून एक बारीक सूर निघायचा, आणि माझे डास जागे व्हायचे.

त्या खोलीचं कागदोपत्री नाव कीटकगृह होतं. आम्ही तिला डासघर म्हणायचो. मलेरियाचा अभ्यास करणारं आमचं केंद्र एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत होतं आणि तिथले डास पोसणं हे माझं काम होतं. हा डास संध्याकाळ झाल्याशिवाय चावत नाही. आमची नोकरी मात्र दहा ते सहा. म्हणून केंद्राच्या प्रमुख मॅडमनी खोलीतला दिवसच उलटा करून टाकला होता. रात्र तिथे ऑफिसच्या वेळात व्हायची.

माझं आयुष्य त्यामुळे थोडं स्वप्नासारखं झालं होतं. दर दिवशी मला दोन संध्याकाळी मिळायच्या. पहिली संपवून दोन दारं ओलांडून मी बाहेर यायची तेव्हा डोक्यावर भर दुपार असायची, आणि क्षणभर कळायचं नाही की आपण कुठल्या गावात आलो आहोत. डासघरात उजेड राखाडी झाला की माझे हात आपोआप जोडले जायचे. लहानपणापासूनची सवय, दिवेलागण झाली की हात जोडायचे. एकदा मॅडमनी ते पाहिलं. "कोणाला नमस्कार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "संध्याकाळ झाली ना." त्या हसल्या, पण पुढे त्या वेळी खोलीत असल्या की त्याही बोलणं थांबवायच्या.

काम मात्र स्वप्नातलं नव्हतं. पांढऱ्या ट्रेमधल्या पाण्यात अळ्या, त्यांना कुत्र्याची बिस्किटं कुटून घालायची. अळ्यांचे कोष झाले की ते स्वल्पविरामासारखे दिसतात, ते निवडून पिंजऱ्यात ठेवायचे. नरांना भिजवलेल्या मनुका. माद्यांना कृत्रिम कातडीच्या पडद्यातून कोमट रक्त. खोलीत हवा कायम दमट आणि उबदार राखायची, त्यासाठी दोन यंत्रं रात्रंदिवस घरघरत. माझ्या डासांच्या अंगात ताप नव्हता, ते अगदी स्वच्छ होते. हे मी नातेवाइकांना हजारदा सांगितलं तरी हळदीकुंकवाला बायका माझ्यापासून जरा सरकूनच बसत.

हुडकेश्वरला घरी सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. त्यांना माझी नोकरी कधीच पटली नाही. मी घरी येऊन मच्छर अगरबत्ती लावली की त्या सुरू व्हायच्या.

"दिवसभर डास पोसून राहिली तू, अन् घरी आली का त्यायले धूर देते. हे काहून वं?"

"आई, ते वेगळे, हे वेगळे."

"हो वं. तुये पाळलेले, आमचे उनाड."

आमचं खरं भांडण दाराचं होतं. तिन्हीसांजेला लक्ष्मी येते म्हणून आई पुढचं दार सताड उघडं ठेवत. नेमके तेव्हाच डास आत येतात, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक! मी दार लावायची, त्या उघडायच्या. लक्ष्मीला यायचं असेल तर ती बेल वाजवेल, असं मी म्हणायची. "देवाघरची माणसं बेल वाजवत नाई," हे त्यांचं उत्तर.

आमच्या केंद्राची लक्ष्मी परदेशातून यायची. एक श्रीमंत देश होता, ज्याच्याकडे मलेरिया नाही. तो ज्यांच्याकडे मलेरिया आहे अशा देशांत संशोधन केंद्रं चालवायला पैसे द्यायचा. आफ्रिकेत काही, दक्षिण अमेरिकेत काही, आपल्याकडे काही. ही कल्पना मला फार आवडायची. रोग जिथे आहे तिथेच त्याचा अभ्यास व्हावा, तिथल्याच माणसांनी करावा. महिन्यातून एकदा सगळी केंद्रं संगणकाच्या पडद्यावर भेटायची. छोट्या छोट्या चौकोनांत माणसं. कुणाच्या मागे कोंबडा आरवायचा, आमच्या मागे कोकिळा. मधेच एखादा चौकोन काळा व्हायचा, म्हणजे तिकडची वीज गेली. वीज जाणारे सगळे चौकोन आमच्यासारख्यांचे होते. पैसे देणाऱ्यांचा चौकोन कधी काळा झाला नाही. तरी एक राग मनात असायचाच, की डास आमचा, ताप आमचा, आणि दोऱ्या तिसऱ्याच्याच हातात.

मग एका हिवाळ्यात त्या देशाचं धोरण बदललं. पैसे थांबले. कायमचे नाही, असं आम्हाला कळवण्यात आलं. फेरविचार चालू आहे, तोवर काम स्थगित ठेवावं.

स्थगित! मला इतका राग आला की मी मॅडमसमोरच ओरडले, "यांना डास म्हणजे काय पंखा वाटला का, बटण बंद केलं की थांबायला?" डेंगीच्या डासाची अंडी वाळवून कागदावर महिनोन्‌महिने ठेवता येतात. हवी तेव्हा पाण्यात टाकली की झालं. मलेरियाच्या डासाचं तसं नाही. त्याची अंडी वाळली की मेली. त्याला थांबवता येत नाही, फक्त चालू ठेवता येतं किंवा संपवता येतं. आणि आमचे डास साधे नव्हते. गडचिरोलीकडच्या एका जंगलातल्या गावातून मॅडमनी त्यांचे पूर्वज धरून आणले होते, तिथे औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या जाण्याच्या आधी. आता त्या गावातला डास त्या औषधाला निर्ढावला आहे. किती निर्ढावला ते ताडून पाहायला जुना हवा, आणि जुना आता जगात फक्त आमच्या पिंजऱ्यांत उरला होता. माझा मुलगा पहिलीत होता तेव्हापासून मी तो वंश सांभाळत होते. मुलगा इंजिनियर होऊन पुण्याला गेला, हे मात्र कुठे गेले नाहीत.

मॅडमनी सरकारकडे अर्ज केला. फाइल दिल्लीला गेली आणि तिथे निवांत बसली. होळी झाली. एप्रिल लागला. ज्यांनी नागपूरचा एप्रिल पाहिला आहे त्यांना सांगायला नको, त्या हवेत ओला टॉवेलही पापडासारखा होतो. यंत्रांशिवाय माझे डास दुपारभरही टिकले नसते, आणि यंत्रांचं बिल भरायला कोणी नव्हतं. महिनाअखेरीला खोली बंद करायची, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी, म्हणजे खऱ्या संध्याकाळी, मी घरी दार लावायला उठलेच नाही. आई दुधाला विरजण लावत होत्या. त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गावाले जातानी आपण विरजण फेकतो का वं? शेजारणीले देऊन जातो. आल्यावर चमचाभर मांगून घेतो."

माझ्या डासांची शेजारीण कोण, ते मी मनात शोधू लागले.

"फक्त दिवेलागणीले देजो नको," त्या पुढे म्हणाल्या. "बरकत जाते."

ओडिशातल्या एका प्रयोगशाळेतली एक मुलगी आमच्याकडे काम शिकायला राहून गेली होती. चार महिन्यांत मराठी शिकली आणि मला ताई म्हणायला लागली. मॅडमनी तिला फोन केला, रीतसर परवानग्या काढल्या, आणि ती स्वतः आली. अंडी नेणं सोपं असतं. ओल्या कागदावर चहाच्या भुकटीसारखी दिसतात, डबीत बंद करून थर्मासात ठेवायची, आणि अळ्या बाहेर पडण्याच्या आत पोचायचं.

तिची गाडी दुपारची होती. मी अंड्यांचा कागद पिंजऱ्यातून काढला तेव्हा डासघरात बरोबर तिन्हीसांज होती. सगळीकडे राखाडी उजेड आणि तो बारीक सूर. माझा हात थांबला. विज्ञानाच्या क्षेत्रात आयुष्य काढलेली बाई मी, पण हात थांबला. मॅडमनी ओळखलं. त्यांनी जाऊन खटका उलटा फिरवला. खोलीत लख्ख दिवस झाला. बिचारे डास गोंधळून भिंतींना चिकटले. "आता द्या," मॅडम म्हणाल्या. "हे आमचं विरजण," असं म्हणून मी डबी मुलीच्या हातात ठेवली.

उरलेल्यांना मी थंड कपाटात ठेवलं. संपवायची पद्धत तीच आहे, त्यांना त्रास होत नाही. मग यंत्रं बंद केली. इतकी वर्षं घरघर ऐकून ती शांतता मला ऐकू येत होती, आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडले. डासांसाठी रडणारी बाई, लोकांना हसू येईल. येऊ दे.

नंतर मी सक्करदऱ्याला एका रक्ततपासणीच्या दुकानात लागले. पहाटे रक्त घ्यायचं, दहाला सुटी. अकरा वाजता मी स्कूटरवर असायची, भर उन्हात, आणि कुठेतरी संध्याकाळ व्हायची राहून गेली असं वाटायचं. ओडिशातून ती मुलगी अधूनमधून कळवायची: ताई, छान आहेत, खूप आहेत. मी मनात म्हणायची, शेजारणीकडे दही चांगलं लागलं आहे.

यंदा श्रावणात तिचा फोन आला. आवाज वेगळा होता. त्यांच्याही प्रयोगशाळेचे पैसे त्याच श्रीमंत देशाच्या नळाचे होते, हे मला ठाऊक नव्हतं. इतके दिवस शिल्लक रकमेवर चाललं, आता तेही संपलं. महिनाअखेरीला खोली बंद. "ताई," ती म्हणाली, "तुमचं विरजण परत घेता का?"

मी मॅडमना फोन लावला. डासघरात आता मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या. दिल्लीची फाइल दिल्लीतच होती. पगार नाही, बिलाला पैसे नाहीत.

"यंत्रं कशी चालवणार?" मॅडमनी विचारलं.

"श्रावण आहे मॅडम," मी म्हटलं. "या दिवसांत नागपूरची हवाच तशी असते. दमट, उबदार. फुकटात. एक दिवा, कुत्र्याची बिस्किटं, मनुका आणि माद्यांपुरतं थोडं रक्त, एवढंच लागेल. दहाला माझी सुटी होते."

त्या म्हणाल्या, "आणि दसऱ्यानंतर?"

"तोवर तरी जगवू," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी खुर्च्या बाहेर काढायला मॅडम स्वतः पदर खोचून आल्या.

ओडिशाहून येणाऱ्या मुलीची गाडी उशिरा पोचली. कॉलेजचं फाटक बंद झालं होतं, म्हणून ती थर्मास घेऊन थेट हुडकेश्वरला आली. अंडी रात्रभर डबीत राहणार होती, सकाळी मी ती घेऊन जाणार होते. ती आली तेव्हा आईंनी नुकताच दिवा लावला होता आणि दार नेहमीसारखं सताड उघडं होतं.

"ये वं माय, ये," आई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, "काय आणलं इनं?"

"विरजण," मी म्हटलं. "पण आई, दिवेलागण झाली."

"तिन्हीसांजेले देऊ नाई म्हंतात. घ्याले कोन मना करते?"

थर्मास त्यांनी मुलीच्या हातून घेतला आणि देव्हाऱ्याखाली, जिथे कोणाचा पाय लागणार नाही अशा जागी ठेवला.

आता रोज दहाला सुटल्यावर मी डासघरात जाते. अळ्या झाल्या, कोष झाले, पहिले डास उडाले. यंत्रं बंदच आहेत, बाहेर पाऊस पडतो आहे. अकरा वाजता मी खटका हळूहळू फिरवते. पिवळा, तांबूस, राखाडी. सूर निघतो. मी हात जोडते.

ही संध्याकाळ घरी झाली असती तर आईंनी दार उघडं ठेवलं असतं. इथे ते करता येत नाही. डासघराला दोन दारं असतात, आणि आत संध्याकाळ असेल तेव्हा दोन्ही घट्ट लावावी लागतात. तेव्हा लक्ष्मीला यायचं असेल तर तिला कडी वाजवावी लागेल. मी आतच आहे. दसरा गेला की हवा कोरडी होते, तेवढं तिनं लक्षात ठेवावं.